मॉनिटर निवडताना ब्रँड कुठे बघायचा आणि मॉडेल नंबर कुठे

‘डेल चांगला की एलजी?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘राहता कुठे?’ समोरच्याला वाटतं विषय टाळतोय. पण मॉनिटरच्या बाबतीत ब्रँडचा प्रश्न आणि गावाचा प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत. चित्र कसं दिसेल आणि लॅग, म्हणजे चित्र पडद्यावर यायला होणारा उशीर, किती असेल, हे मॉडेल नंबरावर ठरतं. बिघडल्यावर काय होईल, ते ब्रँडवर आणि तुमच्या पिनकोडवर.

कारण साधं आहे. मॉनिटरमधला सगळ्यात महाग भाग म्हणजे पॅनल, आणि ते बहुतेक ब्रँड स्वतः बनवतच नाहीत. एलजी डिस्प्ले, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स, चीनच्या बीओई आणि टीसीएलची सीएसओटी अशा मोजक्या कारखान्यांतून पॅनल निघतात आणि सगळ्यांच्या मॉनिटरांत जाऊन बसतात. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणं बंद केलं, त्यामुळे आज सॅमसंगचा साधा एलसीडी मॉनिटर घेतलात तर आतलं पॅनल दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. उलट त्याच कंपनीची क्यूडी-ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी) पॅनल डेलच्या एलियनवेअरमध्ये, एमएसआयमध्ये, आसुसमध्ये सापडतात. एओसी आणि फिलिप्स हे दोन्ही मॉनिटर टीपीव्ही या एकाच समूहाचे. बेनक्यूचा जन्म एसरमधून झाला आणि एयूओची मुळंही त्याच घराण्यात. थोडक्यात, पीठ एकाच गिरणीचं, पोळ्या वेगवेगळ्या हातच्या. आता ‘हात’ म्हणजे काय, तर आतला कंट्रोलर बोर्ड, फर्मवेअर (त्या बोर्डावरचं सॉफ्टवेअर), कारखान्यातलं रंगांचं कॅलिब्रेशन, स्टँड, ॲडॅप्टर आणि विक्रीनंतरची सेवा. ते महत्त्वाचं आहेच, पण ते एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतही आकाशपाताळ वेगळं असू शकतं.

म्हणून तुलना करायचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवा. आधी सपोर्ट, मग चित्र, शेवटी लॅग.

पहिली पायरी: काम आणि आकार

हे पटकन उरकू. दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर इंचामागे किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आहेत ते बघा. २४ इंची फुल एचडी म्हणजे इंचाला सुमारे ९२ पिक्सेल, २७ इंची फुल एचडी म्हणजे ८२, २७ इंची १४४०पी (फुल एचडी आणि फोरके यांच्या मधलं) म्हणजे १०९ आणि २७ इंची फोरके म्हणजे १६३. दुकानात २७ इंची फुल एचडी स्वस्त आणि मोठा दिसतो, म्हणून तो खपतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला तो कदाचित चालेलही. मराठीत टाइप करणाऱ्याला मात्र तो जाच आहे. देवनागरीत रफार, अनुस्वार, ऋकार, जोडाक्षरांचे अर्धे भाग हे सगळं दोन-तीन पिक्सेलांत बसवायचं असतं. ‘कर्तृत्व’, ‘संश्लिष्ट’, ‘दुर्गुण’ हे शब्द दहा पॉइंटात टाइप करून बघा. ८२ पिक्सेलांवर रफार आणि अनुस्वार सारखेच ठिपके दिसू लागतात. मराठी डीटीपी, अनुवाद, मुद्रितशोधन करत असाल तर २४ इंची फुल एचडी किंवा २७ इंची १४४०पी ही किमान पातळी धरा.

दुसरी पायरी: सपोर्ट, आणि इथे घाई नको

बहुतेक मोठ्या ब्रँडांच्या मॉनिटरांवर भारतात तीन वर्षांची वॉरंटी दिसते, पण त्याच ब्रँडच्या काही मॉडेलांवर ती एकच वर्ष असते. म्हणून ‘ह्या कंपनीची तीन वर्षं असते’ यावर विसंबू नका, त्या मॉडेलच्या पानावर आणि खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. पण वर्षांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वॉरंटी बजावायची कशी. याचे तीन प्रकार आहेत. एकात कंपनी आधी बदली मॉनिटर घरी पाठवते आणि जुना घेऊन जाते. दुसऱ्यात इंजिनिअर घरी येतो. तिसऱ्यात मॉनिटर पाठीवर मारून तुम्हीच सर्व्हिस सेंटर गाठायचं. २७ इंची मॉनिटर मूळ खोक्याशिवाय एसटीत घेऊन जायचा विचार करा, म्हणजे तिसऱ्या प्रकाराची खरी किंमत कळेल.

खरेदीआधी एक काम जरूर करा. ब्रँडच्या वेबसाइटवर तुमच्या गावाजवळचं सर्व्हिस सेंटर शोधा आणि थेट फोन लावा. टीव्ही-फ्रीज विकणाऱ्या एलजी, सॅमसंगची सेंटरं जिल्ह्याच्याच नव्हे, अनेक तालुक्यांच्या ठिकाणीही असतात. पण यादीत नाव आहे म्हणजे तिथे मॉनिटर हाताळला जातो असं नाही. संवाद असा होतो:

‘नमस्कार, तुमच्याकडे कॉम्प्युटर मॉनिटर दुरुस्तीला घेता का?’
‘हो सर, घेतो.’
‘पॅनल तिथेच बदलता की पुढे पाठवता?’
‘पॅनलचं पुण्याला जातं सर.’
‘मग साधारण किती दिवस?’
‘पार्टवर आहे सर ते.’

शेवटचं उत्तर मिळालं की समजायचं, हे दुरुस्तीचं केंद्र नाही, गोळा करण्याचं केंद्र आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त ते आधी कळलेलं बरं. आणखी दोन गोष्टी विचारा: मॉनिटर नेऊन द्यायचा की ते घ्यायला येतात, आणि पिक्सेलची तक्रार असेल तर किती पिक्सेल गेल्यावर बदली मिळते.

हा पिक्सेलचा मुद्दा बहुतेकांना नंतर कळतो. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे वीस लाख पिक्सेल असतात, फोरकेवर ब्याऐंशी लाखांच्या वर. त्यातला एखादा कायम पेटलेला किंवा कायम विझलेला निघू शकतो. किती दोष चालवून घ्यायचे याचे वर्ग आयएसओ ९२४१-३०७ या मानकात ठरवलेले आहेत आणि पुष्कळ कंपन्यांच्या धोरणात एक-दोन पिक्सेल म्हणजे ‘दोष’च धरला जात नाही. डेलच्या अल्ट्राशार्प आणि पी मालिकेचं नाव ऑफिसवाले सतत घेतात ते इथेच. एक जरी पिक्सेल कायम पेटलेला असला तरी पॅनल बदलून देण्याची हमी त्या मालिकांना आहे, आणि बदली आधी पाठवायची पद्धत आहे. बदली म्हणून आलेला मॉनिटर नवाकोरा असेलच असं नाही, दुरुस्त करून तपासलेला असू शकतो, हेही लक्षात ठेवा. आसुसच्या काही मॉडेलांवरही पेटलेल्या पिक्सेलची अशी हमी असते, पण मुदत वेगळी. ओएलईडी घेत असाल तर चित्राचा डाग कायमचा उमटणं वॉरंटीत आहे का, ते लेखी बघा. २०२२ मध्ये आलेल्या एलियनवेअरच्या पहिल्या क्यूडी-ओएलईडी मॉनिटरला अशी तीन वर्षांची हमी होती आणि त्यानंतर इतरांनाही त्या वाटेने यावं लागलं.

पॅनलला तडा गेला तर कुठल्याच ब्रँडची साधी वॉरंटी लागू होत नाही. वॉरंटीबाहेर पॅनल बदलायचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळपास जातो. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या भावाकडून मागवणार असाल तर मॉनिटरची वॉरंटी बहुधा त्याच प्रदेशापुरती असते, इथलं सेंटर सिरियल नंबर टाकून हात वर करेल. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत भाव करून घेताना हाच धोका देशातल्या देशात असतो. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का पाहा. ‘बिलाशिवाय हजार कमी करतो’ ही सवलत नव्हे, तीन वर्षांची वॉरंटी हजार रुपयांना विकत मागणं आहे.

आणि ॲडॅप्टर. ग्रामीण भागात व्होल्टेज खाली-वर होतं, वीज जाते-येते, तेव्हा आधी वीजपुरवठ्याचा भाग जातो. तो बाहेर वेगळा असेल तर नवा ॲडॅप्टर आणून अर्ध्या तासात काम चालू होतं. आत बसवलेला असेल तर मॉनिटर उघडावा लागतो. टेबलावर वायरींचा पसारा वाढतो खरा, पण गावाकडच्या घरासाठी मी बाहेरच्या ॲडॅप्टरवालाच घेईन.

या पायरीवर तुमच्याकडे दोन-तीन ब्रँड उरतील. आता ब्रँड विसरा.

तिसरी पायरी: चित्र, म्हणजे पॅनल आणि त्यावरची सेटिंग्ज

माहितीपत्रकात पहिली ओळ बघायची ती पॅनलच्या प्रकाराची. आयपीएसमध्ये बाजूने बघितलं तरी रंग टिकतात, पण काळा रंग राखाडीकडे झुकतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण १०००:१. व्हीएमध्ये तो ३०००:१ च्या आसपास जातो, अंधारात सिनेमा छान दिसतो, पण गडद भागात हालचाल झाली की मागे शाईसारखा फराटा उमटतो. एलजी डिस्प्लेचं आयपीएस ब्लॅक पॅनल या दोघांच्या मधलं, २०००:१ चं. ते २०२२ मध्ये डेलच्या यू२७२३क्यूईसारख्या मॉडेलांतून बाजारात आलं. गंमत म्हणजे पॅनल एलजीच्या घरचं आणि नाव झालं डेलचं. ओएलईडीत काळा खराखुरा काळा, पण दिवसभर एक्सेल उघडं ठेवणाऱ्याने तिकडे जाऊ नये असं माझं मत आहे. शिवाय क्यूडी-ओएलईडीच्या पडद्यावर खिडकीचा उजेड पडला की काळ्यावर जांभळट झाक येते. आपल्याकडच्या घरांत दुपारी ही अडचण ठरते.

आता माहितीपत्रकातली फसवी वाक्यं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांच्या पल्ल्याची दोन मापं. ‘७२% एनटीएससी’ म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी, म्हणजे ठीकठाक. ‘४५% एनटीएससी’ म्हणजे एसआरजीबीच्या बासष्ट-त्रेसष्ट टक्केच. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो, फोटोच्या कामाला बाद. ‘१ कोटी ६७ लाख रंग’ ही आठ बिटांची साधी गोष्ट आहे, तिचं अप्रूप नको. एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला, पण ‘एचडीआर सपोर्ट’ एवढंच लिहिलं असेल तर त्याचा अर्थ संकेत स्वीकारतो इतकाच, दाखवतो असा नाही. व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर ४०० शिक्क्यालाही फार भुलू नका, कारण अशा बहुतेक मॉनिटरांत पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करायची सोयच नसते. खरा फरक ६०० च्या वर, आणि तोही भाग पुरेसे असतील तरच, किंवा ओएलईडीसाठी असलेल्या ट्रू ब्लॅक शिक्क्यावर. ब्राइटनेस २५० निट्स (उजेडाचं एकक) असेल तर खिडकीसमोर बसू नका. ३०० ते ३५० असेल तर बऱ्याच खोल्यांत भागतं.

अक्षरांसाठी आणखी एक बारकावा आहे, जो माहितीपत्रकात कधीच छापत नाहीत. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल एका ओळीत असतात, आणि विंडोज अक्षरांच्या कडा गुळगुळीत करताना तोच क्रम गृहीत धरतं. गिगाबाइटच्या एम२७क्यू या अतिशय गाजलेल्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत हा क्रम उलटा होता. गेममध्ये फरक शून्य, पण अक्षरांच्या कडांना रंगीत झालर. क्यूडी-ओएलईडीच्या सुरुवातीच्या पिढ्यांत उपपिक्सेल त्रिकोणात असल्यामुळे तोच अनुभव. म्हणून समीक्षा वाचताना अक्षरांचा जवळून काढलेला फोटो शोधा. आर्टिंग्ज (RTINGS) आणि टीएफटी सेंट्रल या दोन साइट हे मन लावून करतात. तिथे मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. शेवटचं एक अक्षर बदललं की पॅनलही बदललेलं असू शकतं.

चौथी पायरी: लॅग, आणि त्याबद्दलचे घोळ

खोक्यावर छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा इनपुट लॅग नाहीच. तो रिस्पॉन्स टाइम, म्हणजे पिक्सेलला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ. तोही ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला वेगाने बदलायला लावणारी सेटिंग) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवून मोजलेला, जिथे हलत्या वस्तूच्या मागे पांढुरकी सावली उमटते आणि कुणी माणूस ती पातळी वापरत नाही. ओव्हरड्राइव्ह मधल्या पातळीवर ठेवा आणि त्या पातळीवरचे आकडे वाचा. व्हेसाने २०२२ मध्ये क्लियरएमआर नावाचं प्रमाणपत्र सुरू केलं आहे. त्यातला आकडा जितका मोठा तितकी हलती प्रतिमा स्पष्ट. ते असेल तर ‘१ मिलिसेकंद’पेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा.

इनपुट लॅग म्हणजे संकेत मॉनिटरमध्ये शिरल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ. हा आकडा कंपन्या क्वचितच छापतात. समीक्षकांचे आकडे वाचताना एक गणित डोक्यात ठेवा. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला पडदा किती वेळा नव्याने रंगवला जातो, आणि एकदा रंगवलेलं चित्र म्हणजे एक फ्रेम. ६० हर्ट्‌झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. मॉनिटर ती वरून खाली रंगवत येतो, म्हणून काहीही प्रक्रिया न करणाऱ्या मॉनिटरलासुद्धा पडद्याच्या मध्यावर पोचायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे एखाद्याने ‘६० हर्ट्‌झवर ९.५’ लिहिलं तर त्यात मॉनिटरचा स्वतःचा उशीर जेमतेम एक-सव्वा मिलिसेकंद. दुसरा समीक्षक तेवढंच वजा करून ‘१.२’ लिहितो. दोघं बरोबर आहेत. वाचणारा मात्र दोन आकडे शेजारी ठेवून एका ब्रँडला आठपट चांगला ठरवतो. तुलना करायची तर एकाच समीक्षकाच्या आकड्यांची, एकाच हर्ट्‌झवर.

१४४ हर्ट्‌झला फ्रेम ६.९ मिलिसेकंदांची, २४० ला ४.२ ची. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्याने जो फायदा होतो, तो दोन चांगल्या गेमिंग ब्रँडांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. आजच्या गेमिंग मॉडेलांत मॉनिटरचा स्वतःचा उशीर बहुधा इतका कमी असतो की त्यावरून ब्रँड निवडण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो टीव्हीसारखी चित्रसुधारणा करणाऱ्या स्मार्ट मॉनिटरांत आणि काही मॉडेलांत ६० हर्ट्‌झचा संकेत दिल्यावर. दुसरा मुद्दा प्लेस्टेशनवाल्यांसाठी महत्त्वाचा, त्यांनी ६० हर्ट्‌झचा आकडा वेगळा तपासावा. स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांत बेनक्यूच्या झोवी मालिकेचं नाव चालतं ते लॅगपेक्षा हलती प्रतिमा स्वच्छ दाखवणाऱ्या डायॅक तंत्रासाठी.

ऑफिसच्या कामाला लॅगचा विचार सोडून द्या. ते पैसे उंची कमी-जास्त होणाऱ्या स्टँडवर घाला.

घरी मोजायचंच असेल तर फोनच्या स्लो मोशनने जमतं. २४० फ्रेमवर व्हिडिओ घ्या, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. माउसचं बटण आणि पडदा एकाच चौकटीत धरा, क्लिक केल्यावर पडदा बदलेल असं काहीतरी उघडा, आणि बोट टेकल्यापासून पडदा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. आठ-दहा क्लिक घेऊन सरासरी काढा. मग तोच कॉम्प्युटर, तोच माउस, तीच केबल ठेवून फक्त मॉनिटर बदला. हाती येतो तो माउस, कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून झालेला उशीर. त्यातला फक्त दोन मॉनिटरांमधला फरक तुमच्या कामाचा. फरक एका फ्रेमपेक्षा कमी निघाला तर तो नाहीच असं समजा.

शेवटच्या यादीत कोण कुठे

माझा कल असा. कंपनीच्या किंवा घरच्या ऑफिसकामाला, मॉनिटर बंद पडला तर दिवस बुडतो अशांनी डेलची पी किंवा अल्ट्राशार्प मालिका. पैसे जास्त जातात, ते सेवेचेच. रंगांचं काम असेल तर आसुसची प्रोआर्ट, बेनक्यूची पीडी आणि अल्ट्राशार्प यांची मॉडेलवार तुलना. गेमिंगला एलजी अल्ट्रागियर, आसुस टफ, एमएसआय, गिगाबाइट, एसर नायट्रो यांतलं जे मॉडेल समीक्षेत चांगलं आणि ज्याचं सेंटर तुमच्या आवाक्यात, ते. एलजीने २०१९ च्या २७जीएल८५० ने वेगवान आयपीएसची लाट आणली, पण त्यातल्या ‘नॅनो आयपीएस’ पॅनलचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्याही खाली होता, म्हणून ‘एलजी म्हणजे चित्र उत्तम’ असं सरसकट म्हणवत नाही. सॅमसंगचे ओडिसी वक्र पडदे अंधारात गेम खेळायला मस्त, पण १०००आर (१००० मिलिमीटर त्रिज्येच्या) वक्रतेवर सरळ रेषांचं काम करणाऱ्या आर्किटेक्टने आधी दुकानात तासभर बसून बघावं. साध्या अभ्यासाला, ऑनलाइन वर्गाला एओसी, एसर, एलजीचे २४ इंची आयपीएस पुरेसे आहेत.

मोठ्या पडद्यांसाठी एक बदल लक्षात असू द्या: ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरांवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यामुळे ३४ इंची अल्ट्रावाइडचे जुने भाव धरून हिशेब करू नका.

पाचवी पायरी: खोका उघडल्यापासून

खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, सीलपासून सुरुवात करून. लगेच विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० वरच महिनोन्‌महिने चालवणारे कितीतरी जण आहेत. एचडीएमआय जोडली असेल आणि काळा फिका दिसत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये रंगांचा पल्ला ‘फुल’ करा. फोरके ६० ला एचडीएमआय २.० पुरते, त्याच्या वर जायचं तर डिस्प्लेपोर्ट १.४ वापरलेलं सोपं. ‘एचडीएमआय २.१’ असं लिहिलेलं असूनही आतल्या सुविधा २.० च्याच असू शकतात, नियमांत ती पळवाट आहे. म्हणून किती हर्ट्‌झपर्यंत जातो ते थेट आकड्यात बघा.

मग तपासणी. पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पडदे एकेक करून दाखवा आणि पिक्सेल बघा. लॅगोम आणि टेस्टयूएफओ या साइटवर हे फुकट आहे. रात्री दिवे घालवून काळा पडदा लावा, हातभर लांबून बघा. कोपऱ्यातून प्रकाश झिरपताना दिसेल. डोकं हलवल्यावर तो सरकत असेल तर ती आयपीएसची नेहमीची झळाळी, जागचा हलत नसेल तर झिरप. फोनने फोटो काढून घाबरून जाऊ नका, कॅमेरा ते तिप्पट दाखवतो. हे सगळं ऑनलाइन दुकानाची परतीची मुदत संपायच्या आत करा, आणि ती मुदत ‘परत’ची आहे की फक्त ‘बदली’ची ते ऑर्डर देण्याआधीच वाचलेलं असू द्या.

दोष सापडला तर फोनऐवजी ई-मेलने तक्रार करा, सिरियल नंबर, बिल आणि फोटो एकाच मेलमध्ये जोडा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. तिथे पहिला प्रश्न ‘कंपनीला लेखी कळवलंत का?’ असाच येतो, तेव्हा तो मेल उपयोगी पडतो. मूळ खोका आणि त्यातला थर्माकोल मात्र वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या, दिवाळीच्या साफसफाईत कुणी कितीही कुरकुर केली तरी.